ब्रेक ऑइल हे तेल नव्हे

“एक सलाईनची नळी आणि पन्नास मिलीची मोठी सिरिंज मिळेल का रे?” रविवारी सकाळी शाळेपासूनच्या मित्राचा असा फोन आला की डॉक्टर माणूस आधी “कोण आजारी आहे?” हेच विचारणार. आजारी कोणी नव्हतं. त्याच्या वडिलांनी घेतलेली १९७६ची प्रीमियर पद्मिनी अजून त्याच्याकडे आहे. तिचं ब्रेकचं पेडल दाबून धरलं की हळूहळू खाली बसत होतं, आणि मागच्या चाकाजवळची नळी गंजून पाझरत होती. सगळ्या ब्रेकच्या नळ्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतःच बदलायच्या असं त्याने ठरवलं होतं. जुनं ब्रेक ऑइल टाकीतून ओढून काढायला सिरिंज हवी होती, आणि नव्या नळ्यांतली हवा बाहेर पडताना दिसावी म्हणून सलाईनची पारदर्शक नळी.

“आणि त्या नळीतून येणारं ऑइल कशात धरणार?”

“पाण्याच्या रिकाम्या बाटल्या आहेत की घरात.”

या उत्तरासाठी आजचा लेख लिहितो आहे.

मी त्याला “हे काम करू नकोस” असं म्हटलं नाही. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या या गाड्यांवर हात बसलेले मेकॅनिक आता थोडे उरले आहेत. घाईच्या गॅरेजमध्ये फुटला तेवढाच तुकडा बदलून गाडी हातात मिळते, आणि महिन्याभरात दुसरीकडची नळी फुटते. सगळ्या नळ्या एकाच वयाच्या असतात. त्या काळच्या बहुतेक गाड्यांप्रमाणे हिच्यातही चारही चाकांना मिळून दाबाचा एकच मार्ग आहे. कुठेही एका ठिकाणी गळती झाली की चारही ब्रेक जातात, आणि हाती उरतो तो हँडब्रेक. अशा गाडीच्या सगळ्या नळ्या तीन रविवार घालवून नीट बदलणारा मालक मला जास्त भरवशाचा वाटतो.

नळी आतून का गंजते हे मात्र समजून घ्यायला हवं, कारण बाटलीचा प्रश्नही तिथेच सुरू होतो. आपण ज्याला ब्रेक ऑइल म्हणतो ते तेल नसतंच. नेहमीच्या वापरातला हा द्रव ग्लायकॉल इथर नावाच्या रसायनांचा असतो. तो पाण्यात सहज मिसळतो आणि हवेतला ओलावा शोषून घेतो. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या दोन-चार पावसाळ्यांत त्यात किती पाणी शिरत असेल याची कल्पना करा. ते पाणी पोलादी नळी आतून खातं आणि बाहेरून रंग शाबूत दिसतो. डॉट ३ प्रतीचा नवा द्रव किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये अशी अपेक्षा असते. त्यात ३.७ टक्के पाणी मिसळलं की हीच मर्यादा १४० अंशांवर येते. खंडाळ्याचा घाट उतरताना ड्रम तापतात, द्रवाची वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल पायाखाली जमिनीला टेकतं. (डॉक्टरांनी इथे रक्तवाहिन्यांची उपमा द्यायची असते. मी देत नाही. रक्तवाहिनी थोडीफार स्वतःची डागडुजी करते, नळी करत नाही.)

‘तेल’ या नावाने दोन घोटाळे होतात. पहिला गाडीचा. कमी पडलं म्हणून कोणी टाकीत इंजिन ऑइल ओततो, रबरी सील फुगतात आणि सगळी यंत्रणा वाया जाते. दुसरा माणसाचा. पोटात गेलं तर काय होणार, तेलच आहे, फार तर जुलाब होतील, असं घरातल्यांना वाटतं.

काही वर्षांपूर्वी आमच्या वॉर्डात सहा वर्षांचा एक मुलगा आला. वडील घराच्या अंगणात गाड्यांची किरकोळ कामं करायचे. ब्रेकमधून काढलेला जुना द्रव त्यांनी सरबताच्या बाटलीत भरून खिडकीत ठेवला होता. वापरलेला द्रव चहासारखा तपकिरी दिसतो. मुलगा खेळून आला आणि दोन घोट प्यायला. एकदा उलटी झाली, आईने दूध पाजलं, पोरगं पुन्हा खेळायला लागलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आईच्या लक्षात आलं की सकाळपासून त्याला लघवीच झालेली नाही. आमच्याकडे आला तेव्हा श्वास जोरजोरात चालला होता. संतापाच्या भरात वडिलांनी ती बाटली धुऊन फेकून दिली होती. मुलाच्या पोटात नेमकं काय गेलं, हे नीट कळण्यात आमचा अर्धा दिवस गेला. अनेकदा डायलिसिस करावं लागलं, तिसऱ्या आठवड्यात लघवी सुरू झाली आणि मुलगा घरी गेला. वडील निष्काळजी नव्हते. ते मला पुन्हा पुन्हा एकच सांगत होते, “साहेब, अ‍ॅसिड असतं तर मी कुलपात ठेवलं असतं.”

अनेक ब्रेक ऑइलांत ग्लायकॉल इथरच्या जोडीला डायएथिलीन ग्लायकॉलही असतं. प्रमाण कंपनीप्रमाणे बदलतं. त्याची चव गोडसर असते. यकृतात त्याचं विघटन होऊन डायग्लायकॉलिक आम्ल तयार होतं आणि ते मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नलिका मारून टाकतं. सुरुवातीची मळमळ ओसरली की रोगी बरा दिसतो. तो बरा दिसण्याचा काळच घात करतो. महाराष्ट्राला हे रसायन नवं नाही. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीनमध्ये मिसळलेल्या डायएथिलीन ग्लायकॉलमुळे १४ रुग्ण दगावले, न्यायमूर्ती लेंटिन यांचा चौकशी आयोग नेमला गेला, आणि माझ्या पिढीच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना हे नाव पाठ झालं. औषधातल्या भेसळीवर आपण अजूनही चिडतो, आणि चिडायलाच हवं. तेच रसायन असलेला द्रव स्वयंपाकघरातल्या बाटलीत ओतताना मात्र हात अडखळत नाही.

कोणाच्या पोटात गेलंच, तर उलटी करवू नका, मिठाचं पाणी पाजू नका, बरं वाटण्याची वाट पाहू नका. मूळ डबा किंवा ती बाटली सोबत घेऊन, जिथे डायलिसिसची सोय आहे अशा रुग्णालयात जा. विषाचं विघटन रोखणारं फोमेपिझोल हे औषध आपल्याकडे सहज हाती लागत नाही, म्हणून वेळ महत्त्वाची. आणि डब्यांवरच्या सूचना इंग्रजीत, तांदळाच्या दाण्याएवढ्या अक्षरांत का असाव्यात? ‘विषारी, पोटात गेल्यास तातडीने रुग्णालयात न्या’ एवढं मोठ्या अक्षरांत मराठीत छापणं आणि लहान मुलांना उघडता न येणारं झाकण लावणं कंपन्यांना जड नाही. त्यांना तसं करायला लावावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

माझ्या मित्राचं भय भलतीकडेच होतं. एक थेंब बॉनेटवर पडला तर रंग उतरेल म्हणून त्याने पाण्याची बादली तयार ठेवली होती. रंग उतरवणारा हा द्रव हातावर किंवा डोळ्यांत गेला तर काय, याचा विचार नव्हता. हातमोजे आणि चष्मा मी यादीत टाकले. एसीवाल्याकडची तांब्याची नळी वापरायचा बेतही मोडून काढला. साधं तांबं हादऱ्यांनी कडक होतं आणि तडकतं. ४.७५ मिलिमीटरची पोलादी किंवा तांबं-निकेलची, ब्रेकसाठीच बनवलेली नळी घ्यायची, आणि पोलादी नळीचं तोंड दुहेरी दुमडायचं. हे माझं क्षेत्र नाही, पण तो इंजिनिअर असूनही त्याला सांगावं लागलं.

जॅक मात्र माझं क्षेत्र आहे. जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नव्हे. विटांच्या थप्पीवर गाडी टेकवून खाली शिरणाऱ्या माणसाला वीट कधी फुटते हे कळतच नाही. छातीवर भार आला की बरगड्या मोडायच्याही आधी श्वास थांबतो. शिवाय हँडब्रेक मागच्या चाकांना असतो. मागची बाजू उचलली की तो जमिनीवरच्या पुढच्या चाकांना धरत नाही. लोखंडी स्टँड, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे, आणि घरातलं कोणीतरी हाकेच्या अंतरावर. खाली शिरण्याआधी गाडी हाताने जोरात हलवून पाहायची.

ड्रम उघडल्यावर आत काळी भुकटी असते. जुन्या ब्रेक शूंच्या अस्तरात अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. ती फुंकून किंवा कॉम्प्रेसरने उडवू नये. पाण्याने ओली करून फडक्याने पुसावी, फडकं पिशवीत बांधून टाकावं. या धुळीचा कर्करोग वीस-तीस-चाळीस वर्षांनी उगवतो, त्यामुळे “मी आयुष्यभर फुंकलंय, काही झालं नाही” या युक्तिवादाला अर्थ नाही.

सिरिंज आणि नळी मी मित्राला दिली. सरकारी रुग्णालयातली नव्हे, औषधाच्या दुकानातून विकत घेऊन. काम झाल्यावर दोन्ही कापून टाकायची अट घातली. निघालेला द्रव नव्या ऑइलच्याच रिकाम्या डब्यात भरायचा, वर मार्करने लिहायचं, गटारात ओतायचा नाही, आणि घातक कचरा उचलला जातो अशा गॅरेजला द्यायचा. तीन रविवार लागले. वहिनी पेडल दाबत होत्या, तो मागच्या डाव्या चाकापासून हवा काढत होता. तरी पेडल स्पंजासारखं लागत होतं, म्हणून एक जोड पुन्हा करावा लागला. मग पहिल्या गिअरमध्ये, हात हँडब्रेकवर ठेवून, सोसायटीच्या आवारातच चकरा झाल्या.

आता त्याला खंडाळ्याचा घाट उतरायचा आहे, आणि शेजारी मी बसावं असा त्याचा आग्रह आहे. बसतो म्हटलं, पण तो जुन्या ऑइलचा डबा कुठे ठेवलायस ते आधी दाखव.