लोखंडाला लगाम, वाणीला नव्हे

घाटकोपरच्या छेडानगरात १३ मे २०२४ रोजी वादळी वाऱ्यात एक जाहिरात-फलक पेट्रोल पंपावर कोसळला आणि त्याखाली सतरा माणसांचा बळी गेला. मुंबई महापालिकेच्या नियमाप्रमाणे फलकाची कमाल मर्यादा ४० फूट बाय ४० फूट. हा फलक १२० फूट बाय १२० फूट होता. म्हणजे मान्य क्षेत्रफळाच्या नऊपट! एवढा लोखंडी डोंगर रातोरात उभा राहत नाही. महापालिकेने सांगितले, परवानगी आमची नव्हती. जमीन लोहमार्ग पोलिसांच्या ताब्यातील होती. दोन सरकारी कार्यालयांच्या हद्दींमधल्या फटीत जाहिरातीचे पीक जोमाने वाढले आणि त्याची किंमत सामान्य माणसांनी प्राण देऊन चुकवली.

हा काही पहिला धडा नव्हता. पुण्यात ५ ऑक्टोबर २०१८ रोजी रेल्वेच्या जमिनीवरील फलकाचा सांगाडा भर चौकात कोसळून चौघे दगावले होते. १७ एप्रिल २०२३ रोजी पिंपरी-चिंचवडमधील किवळे येथे अशाच सांगाड्याखाली पाच जण मरण पावले. दर वेळी चौकशी जाहीर झाली, दर वेळी बेकायदा फलकांची मोजदाद झाली, आणि दर वेळी धंदा पूर्ववत सुरू राहिला.

नियंत्रणाची भाषा निघाली की फलकांचे मालक राज्यघटनेचा आश्रय घेतात. व्यापारी जाहिरातीलाही अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली टाटा प्रेस खटल्यात मान्य केले आहे. परंतु त्यातून नऊपट लोखंड उभारण्याचा हक्क कसा निष्पन्न होतो? पाया किती खोल असावा, सांगाडा किती वारा सोसू शकावा, रस्त्यापासून किती अंतर राखावे, हे प्रश्न मजकुराचे नाहीत, वास्तूचे आहेत. तामिळनाडूच्या फलक-परवाना कायद्याला अभिव्यक्तीच्या हक्काच्या नावाने आव्हान दिले गेले, तेव्हा २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा वैध ठरवला. घर बांधणाऱ्याला बांधकामाचे नियम लागू होतात म्हणून त्याचा निवाऱ्याचा हक्क बुडाला, असे कोणी म्हणत नाही.

मात्र याच्या दुसऱ्या बाजूचा धोका समाजवाद्यांनी अधिक जागरूकपणे ओळखला पाहिजे. अपघाताचे निमित्त करून परवाना देणारा अधिकारी उद्या फलकावरील मजकूर वाचू लागला, तर ते नियंत्रण राहत नाही, ती पूर्वतपासणी होते. १९७५ साली वृत्तपत्रांवर पूर्वतपासणी लादली गेली, तेव्हा सायक्लोस्टाइल केलेल्या पत्रकांनीच जनतेचा आवाज जिवंत ठेवला, हे या चळवळीने विसरून कसे चालेल? घटनेच्या एकोणिसाव्या कलमात भाषणावर बंधन घालण्याची कारणे मोजकी आणि स्पष्ट दिली आहेत. अधिकाऱ्याची नापसंती किंवा सत्ताधाऱ्यांची अडचण त्यांत कोठेही नाही.

आज कायद्याचा भार कोणावर पडतो, हेही पाहिले पाहिजे. मालमत्ता विद्रूप करण्यास प्रतिबंध करणारा महाराष्ट्राचा कायदा १९९५ चा आहे. त्यात तुरुंगवासाची तरतूद आहे. संपाची हाक भिंतीवर चिकटवणाऱ्या कामगाराच्या हातातील खळीचा डबा पोलिसाला तत्काळ दिसतो. महामार्गालगतचा १४,४०० चौरस फुटांचा फलक मात्र प्रशासनाला दिसत नाही. ज्याच्याजवळ भाडे भरण्यास पैसा, त्याला आकाश मोकळे. ज्याच्याजवळ केवळ गाऱ्हाणे, त्याला भिंतही नाही. अभिव्यक्तिस्वातंत्र्य हे बाजारात भाड्याने मिळणारी वस्तू ठरले, तर ते स्वातंत्र्य उरत नाही.

म्हणून मागणी नेमकी असली पाहिजे. जमीन रेल्वेची असो, पोलिसांची असो वा खासगी, शहरातील प्रत्येक फलकाला आकार, अंतर आणि मजबुतीचा एकच नियम लागू व्हावा. परवाना मजकूर न पाहता दिला जावा, नकार लेखी व सकारण असावा आणि निर्णयास मुदत असावी. प्रत्येक परवाना व सांगाड्याच्या तपासणीचा अहवाल लोकांना पाहण्यास खुला असावा. जाहिरातीच्या उत्पन्नातून प्रत्येक प्रभागात विनामूल्य सूचनाफलक उभारावेत; तेथे कामगार संघटनेपासून वस्तीतील महिला मंडळापर्यंत कोणालाही आपले म्हणणे लावता यावे.

आणि हे मागताना स्वतःकडेही पाहावे लागेल. चेन्नईत सप्टेंबर २०१९ मध्ये सत्ताधारी पक्षाच्या एका कार्यकर्त्याच्या घरच्या लग्नाचा फलक दुचाकीवरील तरुणीच्या अंगावर पडला. ती रस्त्यावर कोसळून टँकरखाली सापडली आणि मरण पावली. महाराष्ट्रातील चौकाचौकांत वाढदिवसाच्या फ्लेक्सवरून हसणारे पुढारी यापासून काय शिकले? मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ साली बेकायदा फलकांविरुद्ध सविस्तर आदेश दिले, तरी ही हौस फिटलेली नाही. पक्षाच्या कार्यकर्त्यांनी विजेच्या खांबावर नेत्याचे छायाचित्र टांगायचे आणि सभेत धनिकांच्या फलकांविरुद्ध ठराव करायचा, हा दुटप्पीपणा जनतेच्या ध्यानात येतो. आधी आपला बेकायदा फ्लेक आपल्या हाताने उतरवावा, मग महापालिकेच्या दारात मोर्चा न्यावा. त्या मोर्चाच्या घोषणा मात्र कोणालाही तपासू देऊ नयेत.