‘टीव्हीवालीच ना ती?’

मृणाल ठाकूरचं नाव निघालं की कुणीतरी हमखास नाक मुरडतं, ‘टीव्हीवालीच ना ती?’ हो, टीव्हीवालीच. २०१४ साली ‘कुमकुम भाग्य’मधली बुलबुल. मग २०१८मध्ये ‘लव्ह सोनिया’, २०१९मध्ये ‘सुपर ३०’, २०२२मध्ये तेलुगू ‘सीता रामम’. एवढं करूनही ‘मालिकेतून येऊन बरं करते हं’ एवढंच कौतुक वाट्याला येणार असेल, तर खोट बघणाऱ्याच्या नजरेत आहे.

रोजची मालिका म्हणजे बारा-बारा तासांची शिफ्ट, आयत्या वेळी हातात पडणारे संवाद आणि डोक्यावर टीआरपी. तो घसरला की कथा फिरते, कधी पात्रच गायब होतं. त्यात भूमिका जिवंत ठेवणं ही तालीम नाही, तर काय?

शाहरुख खानही १९८९च्या ‘फौजी’तूनच घराघरात पोचला. त्याची मालिका ‘सुरुवात’ ठरते, तिची मात्र डाग. कारण आजची मालिका म्हणजे बायकांचा विरंगुळा, असं आपण ठरवून टाकलंय. म्हणजे नाक मुरडतो ते मृणालकडे बघून नाही. पोळ्या लाटता लाटता मालिका बघणाऱ्या स्वतःच्या आईकडे बघून.