शिस्त आणि छळ

बॅले-नर्तिकेची कथा पडद्यावर आली की तिचा शेवट आम्हांला आधीच ठाऊक असतो. १९४८ च्या ‘द रेड शूज’मध्ये संघप्रमुख लेरमॉन्टॉव्ह नायिकेपुढे कला की पती असा पेच उभा करतो आणि ती आगगाडीपुढे देह झोकून देते. २०१० च्या ‘ब्लॅक स्वान’मध्ये दिग्दर्शक नायिकेच्या मनाशी खेळतो, ती भ्रमिष्ट होते, रक्तबंबाळ होते आणि टाळ्या कडाडतात. ६२ वर्षे लोटली, क्रूर गुरू मात्र तोच राहिला!

प्रतिभा यातनेतूनच फुलते, हा या चित्रपटांचा सिद्धान्त आम्हांला अमान्य आहे. नर्तक घडतो तो रोजच्या सरावाने. दांडीला हात ठेवून गुडघे वाकवण्याची तीच क्रिया वर्षानुवर्षे चालते. पडद्यावर ती नीरस दिसेल, या भीतीने शिस्तीच्या जागी छळ दाखवला जातो. मग छळणाऱ्या खऱ्या शिक्षकांनाही कलेची ढाल आयती मिळते.

याउलट ‘बिली इलियट’ (२०००) पाहावा. १९८४-८५ च्या संपातील खाणकामगारांच्या वस्तीत शिकवणाऱ्या मिसेस विल्किन्सन सिगारेट ओढतात, तोंडाने फटकळ आहेत; पण मुलाला रॉयल बॅले स्कूलची वाट दाखवून त्या बाजूला होतात.

‘झनक झनक पायल बाजे’मधील (१९५५) नृत्यगुरूने मुलाच्या प्रेमाला तपोभंग मानले, तेव्हा आम्हीही माना डोलावल्याच होत्या. ती चूक आता सुधारू या. शिष्य स्वतःच्या पायांवर उभा राहिला की नाही, हीच गुरूची कसोटी. रसिकांनी ती पडद्यावरच्या गुरूलाही लावावी.