खाडीपलीकडचं गाव

दाभोळच्या धक्क्यावरून धोपावे डोळ्यांना दिसतं. पण मध्ये वाशिष्ठीचं मुख आडवं येतं आणि गाडी न्यायची तर पूर्वी थेट चिपळूणचा वळसा पडायचा. माणसं होडीने जायची, गाडी मात्र अलीकडेच राहायची. 2003 साली सुवर्णदुर्ग शिपिंगने इथे फेरीबोट सुरू केली आणि दापोली-गुहागर हे तालुके खऱ्या अर्थाने शेजारी झाले. हे काम एखाद्या महामंडळाने नव्हे, इथल्याच मोकल कुटुंबाने अंगावर घेतलं, याचं मला फार मोल वाटतं. बोट तशी साधीच: सपाट तळ, पुढचा झडपेसारखा दरवाजा उताराच्या धक्क्यावर टेकतो आणि मोटारी, दुचाक्या, आंब्याच्या पेट्या भरलेले टेम्पो चढतात. भरती-ओहोटीने पाणी वरखाली झालं, तरी लांबलचक उतारावर बोट कुठेतरी टेकतेच. सगळी हुशारी त्या उतारात आहे. पुढे सावित्रीच्या मुखाशी वेसवी-बागमांडला, शास्त्रीवर जयगड-तवसाळ असे मार्ग जोडले गेले. फेब्रुवारी 2024मध्ये भाईंदर-वसईही. कोकणच्या सागरी महामार्गाची स्वप्नं मुख्यमंत्री अंतुल्यांच्या काळापासून ऐकतो आहोत. त्यातल्या खाड्यांवरचे पूल रखडत राहिले, तेव्हा किनारा सलग ठेवला तो या बोटींनी. उद्या पूल होतील, व्हायलाच हवेत. रात्री-अपरात्री रुग्णाला घेऊन निघालेल्या गाडीला बोटीच्या वेळेची वाट पाहायला लावणं बरं नाही. पण पूल झाले म्हणून हे धक्के मोडू देऊ नयेत.