माशांच्या टबावर सौर पंप : हप्ता कापण्याआधी हिशेब व्हावा

यंदाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत आयत्या वेळच्या विषयांत एका सभासदाने मागणी मांडली. ताडपत्रीचा गोल टब, त्यात हवा मारायचा पंप आणि तो चालवायला सौर पॅनेल, असा संच कारखान्याने एकगठ्ठा खरेदी करावा, मागेल त्या सभासदाला द्यावा आणि रक्कम ऊस बिलातून हप्त्याहप्त्याने कापून घ्यावी, अशी ती मागणी. टाळ्याही बऱ्या पडल्या. "विचार करू" असे सांगून पुढचा विषय घेण्यात आला. संचालक मंडळ विचार करील तेव्हा करील, पण बिल ज्याचे कापले जाणार त्याने आधी विचार करावा म्हणून आम्ही हे चार शब्द लिहीत आहोत.

प्रथमच सांगतो, आम्ही माशांच्या विरोधात नाही. आडसाली ऊस लावला की पैसा हातात यायला दीड-दोन वर्षे जातात. मधल्या काळात दुधावर आणि शेळीवर घर चालते. त्यात घराच्या परसात दोन-तीन टब मासे वाढले तर कोणाला नको आहे? सौर विजेलाही आमचा विरोध नाही. २०१९ साली केंद्राची कुसुम योजना आली तेव्हापासून आपल्या भागात सौर पंप बसले आहेत. दिवसा ऊन असताना ऊस भिजतो, रात्री काठी-बॅटरी घेऊन पाण्यावर जायचे वाचते, याचे मोल शेतकऱ्याला सांगायला नको. पण ऊस आणि मासा यांत एक फरक आहे. उसाला दिवसा पाणी मिळाले की तो रात्री गप्प उभा राहतो. मासा रात्रीही श्वास घेतो.

मुद्दा एवढाच आहे आणि सगळा घोळ इथेच होतो.

टबातले पाणी हिरवे असते. त्या हिरवेपणात बारीक शेवाळ असते. दिवसा उन्हात ते शेवाळ प्राणवायू तयार करते आणि पाण्यात सोडते. दुपारी तीनच्या सुमारास पाण्यात प्राणवायू भरपूर असतो, कित्येकदा पाण्याला पेलवतो त्याहून जास्त. सूर्य मावळला की तेच शेवाळ, तेच मासे आणि तळातल्या घाणीवर जगणारे जिवाणू असे तिघे मिळून तो प्राणवायू खाऊ लागतात. भर घालणारा कोणी नाही, खाणारे तिघे. त्यामुळे प्राणवायू सर्वांत कमी असतो तो पहाटे, दिवस उगवायच्या आधी. म्हणजे हवा मारायची खरी गरज पहाटे तीन ते सहा, आणि बॅटरीशिवायचे पॅनेल चालणार सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच. उलट हिरव्या पाण्यात भर दुपारी जोराने बुडबुडे सोडले, तर जादा साठलेला प्राणवायू हवेत निघून जातो. फुकटच्या विजेवर आपणच आपली पुंजी उधळायची, असला प्रकार!

आता हिशेब पाहू. टनेजचा हिशेब करणाऱ्या सभासदाला हा जड नाही.

टब तीन मीटर व्यासाचा, पाणी एक मीटर. म्हणजे साधारण ७ हजार लिटर. रात्र पडताना लिटरमागे ७ मिलिग्रॅम प्राणवायू आहे असे धरा. तो ३ मिलिग्रॅमच्या खाली गेला की मासा हैराण होतो, खाणे सोडतो, वर येऊन तोंड उघडतो. म्हणजे खर्चायला मिळतात लिटरमागे ४ मिलिग्रॅम, अख्ख्या टबात २८ ग्रॅम. एक किलो मासा तासाला पाव ग्रॅमच्या आसपास प्राणवायू घेतो. टबात ५० किलो मासा असेल तर तासाला साडेबारा ग्रॅम. २८ भागिले साडेबारा, म्हणजे सव्वादोन तास! पंप रात्री एकला बंद पडला तर सव्वातीनला मासे वर. शेवाळ आणि जिवाणू यांचा खर्च यात धरलेलाच नाही. पाण्याच्या पृष्ठभागातून थोडाफार मिळतो तो जमेला धरला, तरी दाट टबात हा ताळेबंद तोट्यातच जातो.

त्याच टबात १० किलो मासा ठेवला तर तासाचा खर्च अडीच ग्रॅम, आणि माशांपुरते बोलायचे तर तेच पाणी अकरा तास पुरते. रात्र निघून जाते. विकणारा माणूस टबात किती मासा "बसतो" हे सांगतो. लाईट गेल्यावर किती "तगतो" हे सांगत नाही.

हे आम्ही पुस्तकातून लिहीत नाही. मागच्या आषाढात चार दिवस झड लागली होती. आमच्या गटातल्या एका सभासदाने वस्तीवर टब टाकून चिलापी सोडली होती. टब वहिनीच सांभाळत. बचतगटाचे कर्ज काढून, पॅनेल आणि एक छोटी बॅटरी असा संच तालुक्याहून आणलेला. पहिले तीन महिने झकास चालले. झडीच्या तिसऱ्या रात्री बॅटरी आटली. आम्ही सकाळी सातला गेलो तेव्हा टबाचे पाणी दिसत नव्हते, नुसती पांढरी पोटे दिसत होती. वहिनी टबाच्या कडेला बसून होत्या. "आवं, शंभर दीडशे ग्रामाची झाली व्हती. आनी दोन महिनं काढलं असतं तर कर्ज फिटलं असतं," एवढेच बोलल्या. विकणाऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, ऊन नव्हते त्याला आम्ही काय करणार? त्याचे म्हणणे खोटे नव्हते. पण हेच वाक्य त्याने विकताना सांगायला हवे होते.

या घटनेतली एक गोष्ट सभासदांनी नीट लक्षात घ्यावी. आभाळ असले की दुहेरी मार बसतो. पॅनेलला ऊन नाही म्हणून बॅटरी भरत नाही, आणि शेवाळालाही ऊन नाही म्हणून दिवसा प्राणवायू तयार होत नाही. ज्या रात्री पंपाची गरज सर्वांत जास्त, त्याच रात्री बॅटरी रिकामी. संच निवडताना चैत्रातल्या उन्हाचा हिशेब धरून चालत नाही, आषाढातले आभाळ धरावे लागते.

तो हिशेबही मांडतो. ४० वॅटचा हवेचा पंप रात्री १२ तास चालवायचा तर ४८० वॅट-तास वीज लागते. १२ व्होल्टच्या बॅटरीतून ती ४० अँपिअर-तास झाली. साधी शिशाची बॅटरी निम्म्याखाली उतरवली की तिचे आयुष्य घटते, म्हणून ८० ची घ्यावी लागते. ही झाली एका रात्रीची सोय. दुसरी रात्र आभाळाची निघायची असेल तर १६०. पॅनेल चांगल्या उन्हात पाच तासांचे धरले आणि मधली घट वजा केली, तरी दीडशे वॅटच्या आत भागत नाही. पावसाळा धरला तर दुप्पट. पॅनेल वीस-पंचवीस वर्षे टिकेल, बॅटरी चार-पाच वर्षांत बदलावी लागेल. तो पैसा कोणत्या हप्त्यात धरला आहे, हे मागणी करणाऱ्या सभासदाने सांगितले नाही आणि सभेत कोणी विचारलेही नाही.

आमचे मत असे की ज्याचा टब घराजवळ आहे त्याला सौर संचाची गरजच नाही. घरात इन्व्हर्टर असतोच. १५० अँपिअर-तासांची बॅटरी असलेला साधा इन्व्हर्टर ४० वॅटच्या पंपाला रात्रभर पुरतो. टीव्ही आणि दोन पंखे त्यावर चालू ठेवले नाहीत म्हणजे झाले! लाईट आली की तो पुन्हा भरतो, मग आभाळ असो की ऊन. सौर संच शोभतो तो लाईट न पोचलेल्या मळ्यातल्या वस्तीवर. तिथे तो घ्यावा, पण बॅटरीसह, दोन रात्रींचा घ्यावा आणि मासा कमी ठेवावा.

एक ठिकाण मात्र असे आहे की जिथे बॅटरीशिवायचा सौर पंपही कामाचा आहे. ते म्हणजे शेततळे. २०१६ च्या मागेल त्याला शेततळे योजनेनंतर आपल्याकडे बरीच तळी झाली. कागद अंथरलेल्या खोल तळ्यात उन्हाळ्यात वरचे पाणी गरम आणि तळाचे गार राहते, दोन्ही मिसळत नाहीत. वर प्राणवायूची चैन आणि खाली दुष्काळ. दुपारी पाणी ढवळले तर वरचा प्राणवायू खाली जाऊन साठतो आणि रात्री उपयोगी पडतो. ज्यांच्याकडे सौर पंप आहे आणि पाळीचे पाणी देऊन झाले आहे, त्यांनी दुपारी तासभर तळ्यातलेच पाणी उचलून तळ्यात सोडावे. हे मात्र रोज करावे. महिनाभर न ढवळलेले तळे एकदम ढवळले तर तळाचे सडके पाणी वर येऊन उलटाच अनर्थ होतो. टब एक मीटरचा, त्यात साठवायला खोलीच नाही. म्हणून शेततळ्याचा अनुभव टबाला लावू नये.

आणखी एक, गुळाविषयी. टबाच्या नव्या पद्धतीत पाण्यात गूळ, काकवी किंवा मळी टाकतात. जिवाणू ती खाऊन वाढतात, पाण्यातली घाण पचवतात आणि माशाला खाद्यही होतात. पद्धत खरी आहे. पण जिवाणू जेवायला बसले की प्राणवायूही भरमसाट ओढतात. मळीचे पाणी ओढ्यात गेले की काय होते हे साखर कारखान्याच्या सभासदाला आम्ही वेगळे सांगायला नको. त्या टबात पंप तासभरही बंद ठेवता येत नाही. तेव्हा ज्याच्या विजेचा भरवसा नाही त्याने या वाटेला जाऊ नये. निदान संध्याकाळी गूळ टाकू नये, सकाळी टाकावा.

राहता राहिला कारखान्याचा प्रश्न. शेतकी खात्याने आधी बेणे मळ्यात दोन टब मांडावेत. एकाला सौर संच, एकाला इन्व्हर्टर. मासा सारखाच सोडावा. एक पावसाळा जाऊ द्यावा. रोज पहाटे पाचला प्राणवायू मोजून वहीत लिहावा आणि ती वही पुढच्या वार्षिक सभेत टेबलावर ठेवावी. त्यानंतर संच घ्यायचा ठरला, तर विकणाऱ्याकडून लेखी घ्यावे की ऊन नसताना पंप किती तास चालेल. दिवसाचे वॅट आम्हाला नकोत, रात्रीचे तास हवेत. आणि हप्ता कापायचा तर टबाच्या उत्पन्नातून जमेल तेवढाच. मासे मेले म्हणून उसाचे बिल अडकले, असे एकाही घरात होता कामा नये.

ज्या सभासदांकडे आजच टब आहेत त्यांनी या आठवड्यात एकदा पहाटे साडेचारला उठून मासे वर येऊन तोंड उघडतात का ते पाहावे. दिवसा हात कोपरापर्यंत पाण्यात घालावा. कोपर बुडायच्या आधीच तळहात दिसेनासा झाला तर पाणी फार हिरवे झाले आहे असे समजून थोडे बदलावे. काय दिसले ते गटाच्या चिटबॉयकडे लिहून द्यावे. पुढील अंकात आम्ही ते छापू.