मांजराला दोरी लावली तर काय बिघडले?

गुरूंच्या पूजेत लुडबुड करणारे मांजर शिष्यांनी खांबाला बांधले. पुढे गुरू गेले, ते मांजरही गेले. तरी पूजेपूर्वी कुठूनतरी एक मांजर पकडून आणून बांधण्याची रीत मठात चालूच राहिली. ही गोष्ट आपण सर्वांनी शाळेत ऐकली आहे. अंधरूढी समजावून सांगताना ती हमखास सांगतात. पण त्या खांबाला बांधलेल्या मांजराला काय वाटत असेल, असे वर्गात कोणी विचारल्याचे मला आठवत नाही. मीही विचारले नव्हते. गेल्या पावसाळ्यात हा प्रश्न आमच्या घरातच उभा राहिला आणि त्यावर इतकी बोलणी ऐकावी लागली, की शेवटी हा लेखनप्रपंच करावा लागला.

आम्ही शहागंजात, भाजीबाजाराच्या मागच्या बोळात, दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहतो. वडील भाजीचा हातगाडा लावतात, आई शिवणकाम करते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे मी काही वाचून सांगितले की ते एकतर वेदवाक्य ठरते, नाहीतर थट्टेचा विषय. मांजराच्या बाबतीत दुसरे घडले.

आमचा आधीचा बोका मोकळा होता. सकाळी खिडकीतून जाई, रात्री ताटाच्या वेळी हजर होई. एके दिवशी घड्याळाच्या मनोऱ्यापाशी तो रिक्षाखाली सापडला. आईने त्याला जुन्या लुगड्यात गुंडाळून आणले. त्या रात्री घरात चूल पेटली नाही, एवढे सांगितले म्हणजे पुरे. पुढे काही महिन्यांनी रिकाम्या पाट्यांखाली एक पिल्लू सापडले आणि वडिलांनी ते खिशात घालून आणले, तेव्हा आईने अट घातली, "ठिवायचं असंल तर ठिवा. पर ही दाराबाहेर पाऊल टाकणार न्हाई."

चिंगीने वर्षभर ती अट पाळली. म्हणजे आम्ही पाळायला लावली. पण वर्षभरात तिचे काय झाले हेही आम्ही पाहिले. ती जाडावली. संध्याकाळी खिडकीच्या गजांना तोंड लावून एकसारखी ओरडायची. आईच्या शिलाई यंत्राखालचे दोरे चावायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या घोट्यावर झडप घालायची. कोंडलेले मांजर सुरक्षित असते. सुखी असतेच असे नाही. मोकळे सोडावे तर रस्ता, आणि संक्रांतीच्या सुमारास छपरांवर पसरलेला नायलॉनचा मांजा. कोंडावे तर हे असे. या दोहोंच्या मधला मार्ग म्हणजे अंगपट्टा आणि दोरी, असे माझे मत झाले.

दुकानात त्याला हार्नेस म्हणतात. कुत्र्याच्या गळपट्ट्याशी त्याची गल्लत करू नये. नुसत्या गळपट्ट्याला दोरी लावून मांजराला नेले आणि ते घाबरून उसळले, तर सगळा हिसका मानेवर येतो. शिवाय मांजराचे अंग असे लवचीक, की ते मागे सरकून पट्ट्यातून मोकळे होते. अंगपट्ट्याची एक पट्टी मानेभोवती, दुसरी पुढच्या पायांमागून छातीभोवती, आणि दोन्हींना जोडणारा तुकडा पाठीवर. दोरी अडकवायची ती पाठीवर. आईने जुन्या खाटेच्या नवारीतून तो शिवला, आत मऊ कापड लावले. पैसा एकही पडला नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण पहिला आक्षेप हाच आला, की हे श्रीमंतांचे चोचले आहेत. ज्यांच्या घराला अंगण आहे, बाग आहे, त्यांच्या मांजराला दोरी कशाला लागेल? दोरीची गरज दोन खोल्यांत राहणाऱ्यांनाच जास्त.

दुसरा आक्षेप मात्र मला निरुत्तर करून गेला. शेजारच्या खाला दारात उभ्या होत्या. चिंगीच्या अंगावरचा पट्टा पाहून म्हणाल्या, "बिल्ली को बांधते नई बेटा, गुनाह लगता." त्यांच्याकडूनच मी ती हदीस ऐकली. एका बाईने मांजर बांधून ठेवले, तिला स्वतः खाऊ घातले नाही आणि बाहेर जाऊन किडामुंगी मारून खाण्यासाठी सोडलेही नाही. मांजर मेले आणि ती बाई नरकात गेली. खालांच्या घरात मांजराला मोठा मान आहे. ते घरात वावरणारे, म्हणून अपवित्र नाही, असे त्या मानतात. मी दोन दिवस त्या गोष्टीचा विचार केला. मग मला वाटले, त्या बाईचा अपराध दोरीचा नव्हता. खाऊही घालायचे नाही आणि जाऊही द्यायचे नाही, हा होता. मग वर्षभर दार लावून बसलेलो आम्ही त्या बाईपासून कितीसे दूर होतो? खाऊ घालत होतो, एवढेच. हे मी खालांना सांगितले. त्या हसल्या, पटले म्हणाल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवशी उकडलेल्या कोंबडीचे चार तुकडे वाटीत घालून पाठवले.

तिसरा आक्षेप कॉलेजातल्या मित्रमैत्रिणींचा: मांजर हा स्वतंत्र बाण्याचा प्राणी, तो दोरीला कसा राजी होणार? यावर इतिहासाचा दाखला देता येईल. चित्ता मांजराच्याच कुळातला. आपल्या देशात शेकडो वर्षे चित्ते दोरीवर होते. मोगलांच्या पदरी ते होते, आणि विसाव्या शतकात कोल्हापूर संस्थानातही शिकारीसाठी चित्ते बाळगले जात. रानातला मोठा चित्ता धरायचा, कारण शिकार त्याला आईने शिकवलेली असते. त्याच्या डोळ्यांवर टोपी घालायची, खाटेवर बांधायचे, आणि माणसांच्या आवाजाची सवय व्हावी म्हणून भोवती सतत बोलत राहायचे. पुढे दोरीवर भर बाजारातून फिरवायचे. लॉकवुड किपलिंग यांनी १८९१ च्या आपल्या पुस्तकात चित्ता आणि त्याचा रखवालदार एकाच पांघरुणात झोपत असल्याचे वर्णन केले आहे.

पण हा दाखला माझ्याच विरुद्ध जातो, हे कबूल केले पाहिजे. जहांगीर बादशहाने आपल्या आठवणीत लिहून ठेवले आहे, की अकबराने एका वेळी हजार चित्ते जमवले होते, त्यांना पिल्ले व्हावीत अशी त्याची फार इच्छा होती, पण ती कधीच झाली नाहीत. जहांगिराच्या काळात एक नर गळ्यातला पट्टा सोडवून मादीकडे गेला आणि तिला तीन पिल्ले झाली. बादशहाने हे नवल म्हणून नोंदवले. पुढे भारतातून चित्ता संपला. १९५२ साली तसे जाहीर झाले. २०२२ च्या सप्टेंबरात कुनोच्या जंगलात चित्ते आणून सोडले ते नामिबियातून. तेव्हा चित्त्याला दोरी चालली म्हणून ती चांगली, असे मी म्हणणार नाही. फरक एवढाच, की चित्ता रानातून दोरीवर आला. चिंगी दोन खोल्यांतून दोरीवर आली.

कायद्याचेही सांगते. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा आहे. जनावर अवाजवी आखूड किंवा जड साखळीने अवाजवी वेळ बांधून ठेवणे हा त्यात गुन्हा आहे. नेहमी बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला फिरवून आणण्यात मालकाने कुचराई केली, तर तोही गुन्हा. कुत्र्याच्या फिरण्याची काळजी कायद्याने केली. त्या कलमात मांजराचे नाव नाही. मांजर आपले आपण फिरून येते असे तेव्हा सर्वांनी धरून चालले असावे. आता गावेच तशी राहिली नाहीत.

आता सवय कशी लावली ते. येथे घाई करणारा फसतो. पहिले पाच-सहा दिवस अंगपट्टा चिंगीच्या ताटलीशेजारी नुसता पडून होता. तिने तो हुंगला, त्यावर लोळली, एकदा त्याच्यावरच झोपली. मग जेवणाच्या आधी, पोटात भूक असताना, तो पाठीवर ठेवायचा, सुकटीचा एक तुकडा द्यायचा आणि उचलून घ्यायचा. दुधाचे आमिष दाखवू नये. मोठ्या झालेल्या पुष्कळ मांजरांना दूध पचत नाही, हगवण लागते. मग एक दिवस पट्टे बांधले. चिंगी धपकन कुशीवर पडली आणि लाकडासारखी पडून राहिली. आई घाबरली, "मेली का काय!" पण बहुतेक मांजरे असेच करतात. पाठीवर काही बसले की त्यांना वाटते, आपल्याला कोणीतरी धरले आहे. ओढून उभे करू नये. मी हातभर अंतरावर सुकट ठेवली आणि पुस्तक उघडून बसले. अकरा मिनिटांनी ती पोटावर सरपटत निघाली. मी लगेच पट्टा सोडला. दुसऱ्या दिवशी पाच मिनिटांत निघाली. आठवड्याने पट्ट्यासकट माझ्या अभ्यासाच्या वहीवर बसू लागली.

त्यानंतर घरातल्या घरात दोरी. ती मागे फरफटू द्यायची, पण नजरेआड होऊ द्यायची नाही, कुठे अडकली तर फास बसतो. बांधून ठेवून आपण कामाला जाणे तर कधीच नाही. मग दोरीचे टोक हातात धरायचे आणि ती जाईल तिकडे आपण जायचे. कुत्रा माणसाबरोबर फिरतो. मांजराबरोबर माणसाने फिरायचे असते.

हे मला आधी कळले असते तर गच्चीवरचा तो प्रसंग टळला असता. गच्चीवर नेण्याचा तिसराच दिवस. खाली कोणाच्या तरी वरातीत फटाक्यांची माळ लागली. चिंगी उसळली आणि मी दोरी ओढली. जशी ओढली तशी ती मागे सरली, आणि ढिला असलेला पट्टा डोक्यावरून निघून माझ्या हातात आला. चिंगी कठड्यावर, खाली दोन मजले. वडील नुकतेच घरी आले होते. ते वर आले, काही न बोलता गच्चीवर पालथे पडले आणि सुकटीचा डबा हळूहळू हलवू लागले. अर्धा तास गेला. ती उतरून त्यांच्या बाहीपाशी आली तेव्हा ते एवढेच म्हणाले, "दावं ताणलं की जनावर मागंच सरतंय. खोंड शिकवताना आमचा बाप हेच सांगायचा." फुलंब्रीकडची शेती सुटली त्याला वीस वर्षे होऊन गेली. पण त्या दिवशी घरात शिकलेले माणूस कोण होते याबद्दल मला शंका नाही.

पट्टा आता असा बसतो, की आत दोन बोटे जातात, तिसरे जात नाही. रेबीजची लस टोचून घेतली. दारातून तिला चालत नेत नाही, टोपलीत घालून नेते. नाहीतर दार उघडले की पळायचे, एवढेच ती शिकेल. टोपली गच्चीवर जवळच उघडी ठेवते. घाबरली की ती तिच्यात शिरते आणि आम्ही खाली येतो. सगळ्याच मांजरांना हे मानवेल असेही नाही. महिनाभर प्रयत्न करूनही जे अंग चोरते, त्याला खिडकीत एक फळी ठोकून द्यावी आणि दोरीचा नाद सोडावा.

एक गोष्ट राहिली. लिहावी की नाही, याचा मी बराच विचार केला. सातनंतर मी गच्चीवर जायचे नाही, असा आमच्या घरचा दंडक होता. कॉलेज सुटले की सरळ घर, आणि घरात आले की दार लावून घ्यायचे. वडिलांना मी दोष देत नाही. ज्या काळजीने आईने चिंगीला कोंडले, तीच ही काळजी. पण बाजार उठल्यावरची वेळ मांजराला बरी, तेव्हाच खालचा गोंगाट कमी होतो. म्हणून चिंगीसाठी मला साडेसातला वर जाण्याची परवानगी मिळाली. मैत्रीण म्हणाली, "दोरी नक्की कोणाला लावलीय गं?" मी तिला उत्तर दिले नाही.

पहिल्या दिवशी चिंगी पाण्याच्या टाकीपर्यंत गेली आणि बसली. मीही बसले. मनोऱ्यावरचे घड्याळ आमच्या गच्चीवरून दिसते, हे मला एकोणिसाव्या वर्षी कळले. गेल्या आठवड्यात आईही वर आली होती. शिवणाचे उरलेले काम घेऊनच आली, पण सुई एकदाही हातात घेतली नाही.