‘नाही’ म्हणणाऱ्या गाडीवाल्याचं ऐका



थंडी सुरू झाली की आपल्या कुंभार पिंपळगावच्या ग्रुपवरही मनाली-काश्मीर टूरचे मेसेज फिरायला लागतात. स्नो पॉइंट, स्नो बाईक, सगळं पॅकेजमध्ये! जावं, जरूर जावं. आमच्या आईबापानं पंढरपूर-तुळजापूरच्या पुढं काही बघितलं नाही, आपली लेकरं बर्फ बघतायत, यात आनंदच आहे. पण एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती सांगताना माझी मलाच लाज वाटते.

दोन वर्षांपूर्वी आम्ही चार कुटुंबं गुलमर्गला गेलो होतो. आधीच्या दोन रात्री बर्फ पडलेला, सकाळी लख्ख ऊन. स्नो बाईकवाला पोरगा सपाट मैदानात फिरवायला तयार, पण समोरच्या उताराकडं न्यायला तयार नाही. आमच्यातले सगळे त्याच्यावर तुटून पडले. “पैसे पूर्ण दिलेत, वर का नेत नाही?” सगळ्यात मोठा आवाज माझा होता. तो शांतपणे डोंगराच्या पायथ्याशी बोट दाखवून म्हणाला, “साहब, वो रात को आया है.” तिथं बर्फाच्या ढेकळांचा मोठा ढीग पडलेला होता. मागं माझी मुलगी बाईकवर बसलेली. मी गप्प झालो.

घरी आल्यावर याबद्दल वाचत गेलो. बर्फ थराथरानं पडतो. कधी खालचा थर साखरेसारखा सुटा राहतो आणि वरचा घट्ट होतो. आपल्या भाषेत सांगायचं तर खळ्यात सांडलेल्या सोयाबीनवर फळी ठेवल्यासारखं. फळीवर पाय दिला की काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको. तसाच अख्खा उतार एकदम सुटतो. सिनेमात ओरडल्यानं हिमकडा कोसळतो, ते खरं नाही. माणसाच्या किंवा गाडीच्या वजनानं तो सुटतो. हिमस्खलनात सापडणाऱ्या बहुतेक पर्यटकांच्या बाबतीत तो त्यांनी स्वतः किंवा त्यांच्याच सोबत्यांनी सोडवलेला असतो.

धोक्याचा उतार कोणता? साधारण 30 ते 45 अंशांचा, म्हणजे आपल्या घराच्या जिन्याएवढा. आणि तुम्ही सपाटीवर असलात तरी वर तसा उतार असेल, तर तो तुमच्यापर्यंत येऊ शकतो.

हे फक्त पुस्तकातलं नाही. 4 एप्रिल 2023 ला सिक्कीममध्ये नथुला रस्त्यावर सात पर्यटक बर्फाखाली गेले. परवानगी तेराव्या मैलापर्यंत होती, माणसं पंधराव्या मैलापर्यंत गेली होती. त्याच वर्षी 1 फेब्रुवारीला गुलमर्गच्या अफरवटवर पोलंडचे दोन स्कीअर गेले. 2016 मध्ये सियाचीनला दहा जवान गेले, त्यात आपल्या सातारा जिल्ह्याचे सुनील सूर्यवंशी होते. ते तर बर्फात राहायचं शिक्षण घेतलेले, कर्तव्यावर असलेले लोक. आपण कोण? भाड्याचे बूट घालून रील काढायला गेलेले.

माझं म्हणणं एवढंच आहे की तिथली चूक नेहमी गाडीवाल्याची नसते. त्याचा ‘नाही’ आपणच पाचशे-हजार जास्त देऊन ‘हो’ करून घेतो. त्याचं पोट सीझनवर आहे. एक गिऱ्हाईक रागावून गेलं तर दुसरा गाडीवाला तयारच असतो. जायकवाडीतून पाणी सोडलं आणि गोदाकाठचा माणूस म्हणाला की आज उतरू नका, तर आपण ऐकतो. नदी त्याची आहे हे आपल्याला कळतं. मग डोंगर त्याचा आहे हे का कळत नाही?

म्हणून जाणाऱ्यांना विनंती. नुकताच भरपूर बर्फ पडला असेल, जोराचा वारा झाला असेल किंवा जवळ ताजा कडा कोसळलेला दिसला, तर उताराचं नावच काढू नका. उन्हाळ्यात दुपारी बर्फ भिजून सुटतो, सकाळीच उरकून खाली या. उतारावर एखाद्याची बाईक अडकली तर सगळ्यांनी मदतीला धावू नका, वजन वाढतं. आणि कोणी गाडला गेलाच, तर शेवटी दिसला ती जागा डोळ्यात धरून, वरून आणखी येत नाही ना हे बघत, लगेच शोधायला लागा. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत काढलेली माणसं बहुतेक वाचतात, अर्ध्या तासानंतर आशा फार कमी उरते. बाहेरची मदत इतक्या लवकर पोचत नाही.

आणि आपल्या भागातून टूर काढणाऱ्या भावांनो, ‘स्नो पॉइंट गॅरंटी’ लिहिणं बंद करा. “हवामान आणि स्थानिक माणूस परवानगी देईल तरच” असं लिहा. दोन गिऱ्हाईकं कमी येतील, पण जितकी नेली तितकी परत आणाल.

त्या पोराचं नावसुद्धा मी विचारलं नव्हतं. निघताना त्याला पैसे कमी द्यायची भाषा मात्र केली होती. यंदा तुम्हाला तसा कोणी ‘नाही’ म्हणाला, तर माझ्या वाटचंही त्याला धन्यवाद द्या.

पटलं तर टूरला निघालेल्यांना पाठवा.